पोस्टडॉक: बॉसच्या ग्रँटवर जावं की स्वतःची फेलोशिप घेऊन?

नितळ | १४ ऑक्टोबर २०२४

नमस्कार मंडळी,

प्रबंध जमा करायला सहा महिने उरलेत. विषय सूक्ष्मजीवशास्त्र. पाच वर्षं जीवाणूंच्या चिकट थरांमागे, म्हणजे बायोफिल्ममागे घालवली. पुढे पोस्टडॉक करायचा, म्हणजे पीएचडीनंतरची मुदतीची संशोधकाची जागा घ्यायची आणि संशोधनातच राहायचं हे नक्की आहे, पण कसं, इथे गाडी अडली आहे.

एका लॅबशी बोलणं सुरू आहे. त्यांच्याकडे प्रकल्प मंजूर आहे, पैसे आहेत, माणूस हवा आहे. दुसरीकडे आमचे गाइड म्हणतात की स्वतःची फेलोशिप, म्हणजे स्वतःच्या नावावरचा निधी मिळव, नाहीतर आयुष्यभर दुसऱ्याचेच प्रयोग करत बसशील. तिसरी अडचण माझी मीच करून ठेवली आहे. मला बायोफिल्म सोडून सांडपाण्यातल्या प्रतिजैविकरोधक जनुकांवर काम करायचं आहे. हा विषय आरोग्याचा की पर्यावरणाचा? अर्जात रकाना एकच असतो.

ज्यांनी हे केलंय, करताहेत किंवा करून पस्तावलेत, त्यांनी लिहावं.

पेशीवाला

आधी कॅलेंडर काढा. पीएचडीच्या तारखेपासून घड्याळ सुरू होतं आणि प्रत्येक योजनेचं घड्याळ वेगळं असतं. एम्बोच्या (युरोपातली रेण्वीय जीवशास्त्राची संघटना) पोस्टडॉक फेलोशिपला पदवीनंतर दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. जर्मनीच्या हम्बोल्ट फेलोशिपच्या पोस्टडॉक गटाला चार वर्षं आणि युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपला आठ वर्षं चालतात (बाळंतपण, आजारपण अशा खंडांचा हिशोब त्यातून वजा होतो). त्यामुळे "आधी कुठेतरी चिकटते, मग निवांत बघते" म्हणणाऱ्यांची पहिली एक-दोन दारं बंद झालेली असतात आणि त्यांना ते कळलेलंही नसतं.

एम्बो आणि हम्बोल्टला वर्षभर कधीही अर्ज करता येतो. मारी क्युरीची मुदत सप्टेंबरमध्ये असते. ह्यूमन फ्रंटियर या आंतरराष्ट्रीय संस्थेची तीन वर्षांची फेलोशिप दोन टप्प्यांत चालते: आधी इरादापत्र, त्यात निवड झाली तर पूर्ण अर्ज. तुम्हाला विषय बदलायचाय म्हणून ही मुद्दाम सांगतोय. पीएचडीचंच काम पुढे रेटणाऱ्याला ते घेत नाहीत, त्यांना नवी दिशा लागते. भौतिकी, रसायन, गणितातून जीवशास्त्रात येणाऱ्यांसाठी तर त्यांचा वेगळा प्रकारच आहे.

खडूस_परीक्षक

प्रबंध आधी जमा करा. "सहा महिने उरलेत" हे वाक्य मी गेली अनेक वर्षं ऐकतोय, बऱ्याचदा त्याच माणसाकडून.

नितळ

खडूसराव, जखमेवर मीठ चोळल्याबद्दल आभार. चौथं प्रकरण लिहितेय हो.

पेशीवाला, इरादापत्राचं माहीत नव्हतं. पण मग ग्रँटवाल्या लॅबला नाही म्हणू का? आधी तिथे रुजू व्हायचं आणि तिथूनच फेलोशिपचा अर्ज करायचा, असं नाही का चालत?

टीपकागद

इथेच तर फसायला होतं, माझा दाखला घ्या. मी असंच केलं. युरोपातल्या एका देशात बॉसच्या प्रकल्पावर गेले, म्हटलं वर्षभर रुळू, प्राथमिक डेटा जमवू आणि मग दणक्यात मारी क्युरी टाकू. डेटा जमला, प्रस्ताव लिहिला, बॉस खूश. मग नियम नीट वाचला. मुदतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं चालत नाही. माझे सोळा झाले होते. तोच प्रस्ताव घेऊन देश बदलावा लागला असता.

एम्बोचंही तसंच. अर्ज करताना त्या लॅबमध्ये सहा महिन्यांहून जास्त काळ झालेला नसावा. थोडक्यात, "आधी ग्रँट, मग फेलोशिप" हा क्रम चालतो, पण मधलं अंतर महिन्यांत मोजायचं असतं आणि तेही रुजू होण्याआधी.

पेशीवाला

टीपकागद यांना शंभर टक्के अनुमोदन. हे माझ्या प्रतिसादात पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

रानवाट

आम्हा परिसंस्थावाल्यांचं दुखणं इथे कुणी मांडलेलं दिसत नाही, म्हणून लिहिते.

बऱ्याच फेलोशिप दोन वर्षांच्या असतात. पेशींच्या लॅबमध्ये दोन वर्षांत शंभर प्रयोग होतात. आमच्याकडे दोन वर्षं म्हणजे दोन मोसम. बरेच पक्षी वर्षातून एकदाच घरटी बांधतात, फुलोराही बहुधा एकदाच येतो. पहिला मोसम परवानग्यांच्या मागे धावण्यात गेला, तर हातात एकच उरतो. त्यात पाऊस उशिरा आला की संपलंच. माझ्या पहिल्या पोस्टडॉकमध्ये नमुने गोळा करायचा परवाना मिळाला तो अळ्यांचे कोष होऊन गेल्यावर. दोन महिने मी रिकाम्या पानांची छायाचित्रं काढत होते.

त्यातून एक शहाणपण आलं. छोट्या पोस्टडॉकसाठी प्रस्तावाचा निम्मा भाग तरी आधीच जमलेल्या माहितीवर बेतायचा. लँडसॅटची उपग्रहचित्रं २००८ पासून सगळ्यांना फुकट आहेत, प्रजातींच्या नोंदींसाठी जीबिफ हा जागतिक साठा आहे. जुन्या नोंदी एकत्र करून नवे प्रश्न विचारणाऱ्या संस्थाही आहेत. सांता बार्बराचं एनसीईएएस १९९५ पासून हेच करतंय, लायपझिगच्या आयडिव्हमध्येही असा विभाग आहे. अशा ठिकाणी चिखलात न उतरता पर्यावरणाचा पोस्टडॉक होतो. (मला चिखल आवडतो, ही गोष्ट वेगळी.)

जाहिराती मोठ्या संकेतस्थळांवर शोधाच, युरोपसाठी यूरॅक्सेस आहे. पण आमच्या क्षेत्रातल्या कित्येक जागा आधी इकोलॉग आणि इव्होलडिर या जुन्यापुराण्या मेल-याद्यांवर पडतात. दिसायला गेल्या शतकातल्या आहेत, पण कामाच्या.

आळशी_अमिबा

रिकाम्या पानांची छायाचित्रं! या विषयावर पेपर निघायला हवा. "अळीच्या अनुपस्थितीचा दीर्घकालीन अभ्यास."

रानवाट

निघाला. परिशिष्टात. हसू नका.

आकडेमोड

आरोग्यवाल्यांच्या बाजूने. मी साथरोगशास्त्रात आहे, पिपेट आयुष्यात धरलेली नाही. रानवाट यांच्या परवान्याचा आमच्याकडचा भाऊ म्हणजे नैतिकता समितीची मंजुरी आणि डेटा मिळण्याची वाट. यूके बायोबँकमध्ये पाच लाख लोकांची माहिती आहे, जगभरातल्या संशोधकांना ती मागता येते. पण मागणं आणि हातात पडणं यात महिने जातात, पोस्टडॉकचं घड्याळ मात्र चालूच असतं. म्हणून मुलाखतीत मी पहिला प्रश्न हाच विचारतो, "डेटा आज तुमच्याकडे आहे की येणार आहे?" "येणारच आहे" असं उत्तर आलं की मनातल्या मनात एक वर्ष वजा करायचं.

कर्करोगाच्या कारणांवर काम करायचं असेल तर लिऑनच्या आयएआरसीकडेही लक्ष ठेवा. ती जागतिक आरोग्य संघटनेची संस्था आहे आणि नवख्या संशोधकांना फेलोशिप देते.

आणि रकान्याबद्दल एवढा विचार करू नका. पोलिओचा विषाणू गटाराच्या पाण्यात शोधण्याचं काम कित्येक वर्षं चालू आहे. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात तो सापडला तेव्हा हा पर्यावरणाचा प्रश्न की आरोग्याचा, असं कुणी विचारत बसलं नव्हतं. अर्जात रकाना परीक्षक बघून निवडायचा. तुमच्या प्रस्तावातली नवलाई कशात आहे? पाण्यात जनुक कसं पसरतं यात असेल तर पर्यावरण, माणसाला त्याची बाधा कशी होते यात असेल तर आरोग्य. चुकीच्या गटात गेलात तर परीक्षक तुमच्या पद्धतीतली जी गोष्ट त्याला कळते तीच खोदत बसतो.

मुक्काम_पोस्ट

सगळे उत्साहात आहेत, म्हणून थोडं विरजण घालतो.

पोस्टडॉक करूच नका. मी दोन केले, एकूण सहा वर्षं. कायम प्राध्यापकाच्या जागा मोजक्या, पोस्टडॉक ढीगभर. जर्मनीत तर कायदाच आहे, मुदतीच्या करारावर पीएचडीच्या आधी सहा आणि नंतर सहा वर्षं (वैद्यकशास्त्रात नंतर नऊ). त्यानंतर कायम जागा नाही मिळाली तर सहसा रस्ता धरायचा. डग्लस प्रॅशर आठवा. चमकत्या जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनाचं जनुक त्याने १९९२ मध्ये वेगळं करून मांडलं. पैसे संपले म्हणून काम सोडलं, जनुक दुसऱ्यांना पाठवून दिलं. २००८ मध्ये त्या प्रथिनासाठी तिघांना नोबेल मिळालं, तेव्हा हा गाड्यांच्या एका दुकानात ग्राहकांना ने-आण करणारी गाडी चालवत होता.

पेशीवाला

मग आरएनएवर काम करणारी कॅटलिन कॅरिको पण आठवा. १९९५ मध्ये पदावनती झाली, ग्रँट मिळत नव्हत्या, तरी आरएनए सोडलं नाही. २०२३ मध्ये नोबेल.

आकडेमोड

दोघांनाही नम्र विनंती. नोबेलची उदाहरणं हा नमुना नव्हे, हा अपवादांचा संग्रह आहे. कॅरिकोसारखं चिकटून राहिलेले आणि तरीही कुणाला माहीत नसलेले किती, ते कुठल्याच यादीत नसतं. (आणि प्रॅशरची गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्या तीन नोबेलविजेत्यांपैकी एक, रॉजर च्येन यांनी पुढे त्याला आपल्या लॅबमध्ये घेतलं होतं.)

मुक्काम_पोस्ट

मान्य. पण माझा मुद्दा आहे तिथेच आहे. मी आता औषधांच्या नियमनाचं काम करतो, सुखात आहे, आणि त्यासाठी सहा वर्षांची गरज नव्हती. एका पोस्टडॉकने भागलं असतं. जायचं असेल तर जा, पण कधी थांबायचं तो आकडा आधी ठरवून जा.

शब्दखूळ

अवांतर: पोस्टडॉकला मराठी शब्द काय? "विद्यावाचस्पत्युत्तर संशोधक" सुचवतो.

आळशी_अमिबा

तो शब्द उच्चारेपर्यंत फेलोशिपची मुदत संपेल.

बुरशीबाई

"ना विद्यार्थी ना मास्तर" असं आमच्या लॅबमध्ये म्हणतात. पुरे आहे.

आता मुद्द्याचं. ग्रँट की फेलोशिप यावर इतकी चर्चा झाली, पण माझ्या मते त्याआधीचा प्रश्न आहे तो माणसाचा. माझी पहिली लॅब मोठी होती, नाव सांगत नाही. रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात कळलं की माझाच प्रकल्प आणखी एका पोस्टडॉकलाही दिलाय. जो आधी पोचेल त्याचं नाव पहिलं. आम्ही दोघं एकाच फ्रीजमध्ये नमुने ठेवायचो आणि एकमेकांशी हवापाण्याच्या गप्पा मारायचो. अकरा महिन्यांनी मी निघाले. पेपर शून्य.

दुसऱ्या वेळी शहाणी झाले. बॉसशी बोलायच्या आधी लॅबमधून बाहेर पडलेल्या चार जणांना शोधून लिहिलं. आत असलेल्यांना नाही, ते कसं बोलणार? तीन प्रश्न विचारले. तुम्ही तिथून निघालात तेव्हा काय घेऊन निघालात? पेपर लिहून झाल्यापासून पाठवेपर्यंत बॉसच्या टेबलावर किती दिवस पडून होता? तिथले पोस्टडॉक आज कुठे आहेत? एकाने उत्तरच दिलं नाही, आणि एकीने लिहिलं, "फोनवर बोलू." त्या फोनसाठी मी तिची आजन्म ऋणी आहे.

आणि एक, जो तुम्ही बॉसला विचारायचा: जाताना प्रकल्पाचा कुठला तुकडा मला सोबत नेता येईल? हे पहिल्या दिवशी विचारलं तर शहाणपण दिसतं, शेवटच्या दिवशी विचारलं तर भांडण होतं.

नितळ

बुरशीबाई, वाचूनच पोटात गोळा आला. माझ्या ग्रँटवाल्या लॅबच्या माजी लोकांना आजच लिहिते.

सागरतळ

स्वतःच्या फेलोशिपचा खरा फायदा पैशात नसतो. बॉसकडे पैसे असतातच की. फायदा हा की प्रश्न तुमचा असतो आणि नको झालं तर बोलायची थोडी ताकद असते. तोटाही सांगतो. तुमच्या पगाराचा भार लॅबवर नसला की काही बॉस तुम्हाला विसरूनच जातात. मी एका मोठ्या माणसाकडे स्वतःच्या फेलोशिपवर होतो, वर्षातून तीनदा भेट. तिसऱ्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं.

जुना_पिपेट

अमेरिकेकडे बघणाऱ्यांसाठी: एनआयएचची (तिथली सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) एफ३२ ही फेलोशिप फक्त तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळते, त्यात वेळ घालवू नका. के९९/आर०० मात्र परदेशी माणसालाही मिळू शकते. त्यात आधी पोस्टडॉकचे पैसे आणि मग प्राध्यापक म्हणून पहिली ग्रँट असं जोडकाम असतं. अट अशी की पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांहून जास्त नको. परत घड्याळ! एनआयएचच्या स्वतःच्या प्रयोगशाळांत परदेशी पोस्टडॉकना व्हिजिटिंग फेलो म्हणून घेतात, तिथे वेगळा प्रस्ताव लिहावा लागत नाही. त्या शास्त्रज्ञांना थेट मेल करायचा.

जे-१ व्हिसावर जाणार असाल तर रिसर्च स्कॉलर म्हणून पाच वर्षांची मर्यादा असते. तो कार्यक्रम मध्येच संपवून परत आलात, तर पुन्हा त्याच प्रकारात जायला २४ महिने थांबावं लागतं. म्हणून पाचातली दोनच वापरून "येतो जाऊन" करू नका.

थेट मेलबद्दल: सहा-सात ओळी, बस. त्यांच्या एका पेपरमधली एक गोष्ट, त्यावर तुमचा एक प्रश्न, तुम्हाला येणारं एक तंत्र, आणि कुठली फेलोशिप डोळ्यासमोर आहे ते. "आदरणीय महोदय, आपल्या जगप्रसिद्ध प्रयोगशाळेत" अशी सुरुवात झाली की आमच्या बॉसचं बोट आपोआप कचऱ्याच्या डब्याकडे जायचं.

आळशी_अमिबा

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला होता.)

घडीचा_डाव

जोडीदारही संशोधक असेल तर? दोघांना एकाच शहरात जागा मिळणं म्हणजे दोन उल्का एकाच अंगणात पडणं. आम्ही असं केलं: ज्याची फेलोशिप आधी लागेल त्याच्या शहरात दुसऱ्याने ग्रँटवरची जागा शोधायची. तिची लागली. मी चार महिने घरी होतो, मग आकडेवारी येते म्हणून एका कर्करोग-गटाने घेतलं. मी मुळात मुंग्यांचा माणूस. गाठी आणि वारुळं यांचं गणित बऱ्यापैकी सारखं निघालं, आणि आता मी तिकडेच आहे. लहान मूल असेल तर योजनेत मुलासाठीचा भत्ता आणि पालकत्वाची रजा आहे का ते बघा. ह्यूमन फ्रंटियर आणि एम्बो, दोन्हींत सोय आहे.

पेशीवाला

वा, मुंग्यांवरून आठवलं. विषय बदलायला घाबरणाऱ्यांसाठी व्यंकी रामकृष्णन. भौतिकशास्त्रात पीएचडी केली आणि मग जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला हात लागला तो येलमधल्या पोस्टडॉकमध्ये. त्यानंतर सुमारे पन्नास विद्यापीठांत अर्ज केले आणि सगळीकडून नकार.

आकडेमोड

पेशीवाला! नोबेलची उदाहरणं नकोत असं ठरलं होतं ना?

पेशीवाला

मी नोबेलचं नावही काढलं नाही. पन्नास नकारांपाशी थांबलो. :)

खडूस_परीक्षक

एरवी टोमणे मारतो, आज थोडं कामाचं. मी असे प्रस्ताव तपासतो. विषय बदलणाऱ्याच्या प्रस्तावात माझे डोळे एकच शोधतात: जुन्या विषयातली कुठली गोष्ट नव्यात हत्यार म्हणून येतेय? "मला सांडपाण्यात रस आहे" याला गुण नाहीत. "रोधक जनुकं पाइपांच्या आतल्या बायोफिल्ममध्ये एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातात, आणि बायोफिल्म वाढवून तपासणं मला पाच वर्षं येतंय" याला आहेत. धागाकर्ती बायोफिल्म सोडायचं म्हणतात ते ऐकून म्हणूनच कपाळावर हात मारला. सोडताय कशाला? घेऊन जा.

शिफारसपत्रांबद्दल: तीन ओळींचं कौतुक देणाऱ्या मोठ्या नावापेक्षा, तुमच्या फसलेल्या प्रयोगाचं काय केलंत ते सांगणारं छोटं नाव बरं.

आणि मारी क्युरीला यंदा दहा हजारांहून जास्त अर्ज गेलेत. तेव्हा कच्चा प्रस्ताव "बघू तरी" म्हणून टाकू नका. ठरावीक टक्क्यांखाली गुण पडले तर त्याच यजमान संस्थेबरोबर पुढच्या वर्षी अर्ज करता येत नाही.

नितळ

"सोडताय कशाला? घेऊन जा." हे वाक्य टेबलासमोर चिकटवलंय.

रानवाट

वाचनखूण साठवली. धागा वर काढत राहा, धागाकर्तीने पुढे काय केलं ते कळू द्या.

नितळ | १९ ऑक्टोबर २०२५

वर्षभराने धागा वर काढतेय. रानवाट, तुम्ही म्हणाला होतात म्हणून.

ग्रँटवाल्या लॅबच्या पाच माजी लोकांना लिहिलं. चौघांनी उत्तर दिलं, तिघांनी चांगलं. चौथ्याने लिहिलं, बॉस चांगले आहेत पण पेपर टेबलावर चार-पाच महिने पडतो. हे मी मुलाखतीत सरळ विचारलं. ते आधी हसले, मग म्हणाले, "सहा. कुणी सांगितलं तुला?" नाव सांगितलं नाही. पण लपवलं नाही म्हणून माणूस आवडला. सोबत काय नेता येईल हेही विचारलं. पाइपांमधल्या बायोफिल्मचा भाग माझा असं ठरलं, मेलवर लिहून घेतलंय.

व्हायवा (प्रबंधाची तोंडी परीक्षा) जूनअखेर झाली आणि १ ऑगस्टला ग्रँटवर रुजू झाले. रुजू होण्याआधी टीपकागद यांचं गणित कागदावर मांडलं: सप्टेंबरच्या मुदतीला त्या देशात माझा दीड महिनाही पूर्ण होत नव्हता, म्हणजे १२ च्या पुष्कळ आत. तेव्हा तिथूनच मारी क्युरी टाकली. रकाना पर्यावरणाचा. यंदा अर्ज १७ हजारांच्या पुढे गेलेत म्हणे, त्यामुळे आशा बेताचीच आहे. निकाल फेब्रुवारीत. नाही झालं तर ग्रँटवरचे दोन वर्षांचे पैसे आहेत, आणि एम्बोची सहा महिन्यांची खिडकी जानेवारीअखेर बंद होते, म्हणून तो अर्ज सध्या लिहितेय.

मुक्काम_पोस्ट, आकडा ठरवलाय. चार वर्षं. नवऱ्याने तो फ्रीजवर लिहून ठेवलाय.

टीपकागद

माझे सोळा महिने कुणाच्या तरी कामी आले!

खडूस_परीक्षक

अभिनंदन. प्रबंध नक्की कधी जमा झाला?

नितळ

मे महिन्यात. सहाचे साडेसात झाले. म्हणा आता काय म्हणायचं ते.

खडूस_परीक्षक

काही नाही. साडेसात म्हणजे वेळेआधीच म्हणायचं. एम्बोचा मसुदा झाला की व्यक्तिगत निरोप करा, लाल पेन तयार आहे.